नवं पाकीट आलं, जुन्याचं काय?

पत्र थोडक्यात: मुलुंडला राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. त्यांच्या आई ६८ वर्षांच्या, लालबागला चाळीत एकट्या राहतात. शिक्षण मराठी सातवीपर्यंत. रक्तदाब, साखर, थायरॉइड आणि कोलेस्टेरॉल यांच्या रोजच्या गोळ्या, शिवाय गुडघा दुखला तर घ्यायची एक. मध्यंतरी मेडिकलमध्ये रक्तदाबाची नेहमीची गोळी संपली होती, म्हणून दुसऱ्या कंपनीची दिली. आईंना वाटलं, डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. जुन्या पाकिटातली आणि नव्यातली, अशा दोन्ही काही दिवस चालू राहिल्या. एका सकाळी मोरीत चक्कर आली, भिंत धरली म्हणून पडल्या नाहीत. डॉक्टरांनी तपासून घाबरण्यासारखं नाही म्हणून सांगितलं, पण ताई आईंवर खूप ओरडल्या. तेव्हापासून त्या रोज तीनदा फोन करतात आणि फोन आल्याशिवाय आई गोळीला हात लावत नाहीत. ताई विचारतात: "तिला इंग्रजी येत नाही हेच सगळ्याचं मूळ आहे. निदान एबीसीडी तरी शिकवू का? की दर रविवारी मीच डबी भरून ठेवू आणि पाकिटं माझ्याकडे घेऊन येऊ? भाऊ म्हणतो, खारघरला आणून ठेवू. ती कशालाच तयार नाही. आता तिला काही कळत नाही हे मान्य करायला हवं."

ताई,

याच पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की आई रोजचा पेपर अग्रलेखासकट वाचतात आणि चाळीच्या गणपतीच्या वर्गणीचा हिशेब अजून त्यांच्याच वहीत असतो. आणि पुढच्याच पानावर, 'तिला काही कळत नाही'. एकाच बाईबद्दल ही दोन्ही विधानं खरी कशी असतील?

झालं काय ते जरा त्यांच्या बाजूने बघा. घरात वेगळ्या रंगाचं पाकीट आलं. डॉक्टर मधूनमधून गोळ्या वाढवतात हे त्यांनी पूर्वी अनुभवलंय. 'ही जुन्याच्या जागी आहे, जुनी बंद करा' असं मेडिकलवाला बोलला नाही आणि पाकिटावरही तसं काही नव्हतं. मग 'वाढवली असेल' हा त्यांचा अंदाज चांगला डोकं चालवून केलेला आहे. तो चुकला, ती गोष्ट वेगळी. तुमच्या बीकॉम भावानेही हाच अंदाज केला असता.

आता घरातली एखादी स्ट्रिप उलटी करून नीट वाचा. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कंपनी, बॅच नंबर, तारखा, किंमत. 'शेड्यूल एच' म्हणून एक इशारा असतो, पण तो वाचा, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं तो सांगतो, म्हणजे तो दुकानदारासाठी आहे. अँटिबायोटिक असेल तर उभी लाल रेघ. २०२३ च्या ऑगस्टपासून तीनशे नामांकित ब्रँडवर क्यूआर कोड आला, तो माल खरा की खोटा हे तपासायला. आणि घ्यायची कशी? तिथे छापलेलं असतं: 'ॲज डायरेक्टेड बाय द फिजिशियन'. डॉक्टर सांगतील तशी.

म्हणजे एबीसीडी शिकून आईंच्या हाती काय येणार? सकाळी की रात्री, एक की अर्धी, कशासाठी, यातलं काहीच त्या स्ट्रिपवर कुठल्याही भाषेत नाही. अमेरिकेत फार्मसीवाला प्रत्येक बाटलीवर पेशंटच्या नावाची चिठ्ठी चिकटवून देतो, त्यामुळे तिथे चिठ्ठी कुठल्या भाषेत हवी यावर कायदे झाले. कॅलिफोर्नियात आणि न्यूयॉर्कमध्ये आहेत. आपल्याकडे भाषेच्या आधी ती चिठ्ठीच नाही. सूचना असते डॉक्टरांच्या कागदावर आणि मेडिकलवाल्याच्या तोंडात, आणि संध्याकाळी सातच्या गर्दीत तो कात्री चालवता चालवता "एक सकाळी, एक रात्री" म्हणतो तेव्हा मागचं गिऱ्हाईक पैसे पुढे करत असतं.

डॉक्टरांचा कागद तरी कोणाला वाचता येतो? तुमचं शिक्षण इंग्रजीतलं, म्हणून विचारते: 'एचएस' म्हणजे काय? झोपताना. ते लॅटिन आहे. 'बीडी' दिवसातून दोनदा, 'टीडीएस' तीनदा, 'एसओएस' लागली तरच. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी लिहिलं तर उजवा डोळा. फार्मसीत मी बरीच वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला उभी राहिले आहे. सुटाबुटातली माणसं कागद पुढे करून हळूच "म्हणजे नक्की कधी?" विचारताना रोज बघितली. विचारायला लाजणाऱ्यांत इंग्रजीवाले जास्त असतात, हे माझं मत.

तेव्हा आज रात्रीच्या फोनवर आईंना एवढं सांगून टाका की चूक तुझी नव्हती. तुम्ही ओरडल्यापासून त्या स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास घालवून बसल्यात, आणि गोळ्यांच्या बाबतीत ते फार महागात पडतं. तुम्हीच लिहिलंय की लोकल अडकली, तुमचा फोन लागला नाही, त्या रात्री त्यांनी गोळी घेतलीच नाही.

आता चिठ्ठी. ती आपणच करायची, मराठीत, आणि शक्यतो आईंच्याच अक्षरात.

पण नुसतं मराठी केलं की झालं, असंही समजू नका. २००६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 'दोन गोळ्या दिवसातून दोनदा' ही सूचना कमी शिकलेल्या पेशंटना वाचायला दिली. शंभरातल्या सुमारे सत्तर जणांनी ती बरोबर वाचून दाखवली. मग त्यांना सांगितलं, दिवसाच्या गोळ्या मोजून दाखवा. चार गोळ्या बरोबर काढणारे निघाले पस्तीसच्या आसपास. ही त्यांच्या स्वतःच्या भाषेतली सूचना होती! वाचता येणं आणि त्यावरून हात चालणं यात एवढं अंतर पडतं. म्हणून 'दिवसातून दोनदा' लिहूच नका. 'सकाळी १, रात्री १' लिहा. डॉक्टरांचं '१-०-१' सुद्धा चिठ्ठीवर जसंच्या तसं उतरवू नका, शब्दांत फोडा.

आईंच्या रक्तदाबाच्या गोळीची चिठ्ठी मी अशी केली असती (औषध आणि वेळ तुमच्या कागदावरून घ्या, हा फक्त नमुना):

रक्तदाबाची गोळी, ॲम्लोडिपिन ५
सकाळी नाश्त्यानंतर १
दुपारी नाही, रात्री नाही
१२ जूनपासून ही. लाल पट्टीचं जुनं पाकीट बंद.

शेवटची ओळ विसरू नका. त्या दिवशी ती कोणी लिहिली असती तर तुम्हाला मला पत्र लिहावं लागलं नसतं. पहिल्या ओळीत 'कशाची' हे आलंच पाहिजे. कारण माहीत असलेलं माणूस दोन रक्तदाबाच्या गोळ्या समोर आल्या की थांबतं आणि विचारतं. नुसती 'पांढरी' आणि 'पिवळी' एवढंच माहीत असेल तर थांबायचं कशाला?

रंगावर विसंबणं तसंही धोक्याचं झालंय. शेड्यूल एचमधल्या औषधासाठी डॉक्टरांनी एका कंपनीचं नाव लिहिलं असेल, तर मेडिकलवाल्याने आपल्या मनाने दुसऱ्या कंपनीची गोळी देऊ नये, आत औषध तेच असलं तरी, असं १९४५ चे औषध नियम सांगतात. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही पाहिलंत. आणि डॉक्टरांनी कंपनीचं नाव न घालता मूळ औषधाचंच नाव लिहिलं, किंवा तुम्ही स्वस्त म्हणून जनऔषधी केंद्रातून गोळ्या आणल्या, तर दर महिन्याला रंग बदलू शकतो आणि त्यात गैर काहीच नाही. म्हणून ओळख मूळ नावाची हवी. २०१८ च्या दुरुस्तीनंतर बहुतेक स्ट्रिपवर मूळ औषधाचं नाव कंपनीच्या नावापेक्षा किमान दोन फाँट मोठं छापावं लागतं. ते नाव आईंनी वाचायची गरज नाही, जुळवायचं आहे. चिठ्ठीवर देवनागरीत नाव लिहा, आणि खाली स्ट्रिपवरची इंग्रजी अक्षरं आणि आकडा जशीच्या तशी काढा. नवं पाकीट आलं की शेजारी धरायचं. अक्षरं तीच आणि आकडा तोच, तर गोळी तीच. एक जरी वेगळं दिसलं तर फोन. तुमच्या एबीसीडीच्या शिकवणीतून आईंना लागणारा भाग एवढाच.

चिठ्ठी स्ट्रिपवर चिकटवू नका, एक्स्पायरी झाकली जाते. प्रत्येक औषधाला एक पारदर्शक झिपची पिशवी आणि चिठ्ठी पिशवीत दर्शनी बाजूला. कापलेल्या स्ट्रिपचं बघा. दहातल्या सहा गोळ्या हव्या म्हटल्या की मेडिकलवाला कात्री मारतो आणि नाव नि तारीख नेमकी दुसऱ्या तुकड्यावर राहते. "नाव असलेला तुकडा द्या" म्हणायचं, किंवा रोजचंच औषध आहे तर पूर्ण स्ट्रिप घ्यायची. घरीही गोळ्या विरुद्ध टोकाकडून काढत यायचं, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत नाव शाबूत राहतं.

चिठ्ठीतले शब्द आईंच्या दिवसाला लागू पडतात का, हेही तपासा. थायरॉइडची गोळी 'उपाशीपोटी' घ्यायची असते. लालबागमध्ये पहाटे पाणी भरून झाल्यावर कपभर चहा घेणाऱ्या बाईला विचाराल, तर ती उपाशीच असते. चहा काय खाणं आहे? पण त्या गोळीला चहाही चालत नाही. नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास काही नाही. तिथे 'उठल्यावर, चहाच्या आधी' असंच लिहावं लागतं. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी कधी सुरू झाली, तर तिच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात, तेही चिठ्ठीवर यायला हवं.

दुसरं, उपास. तुम्ही लिहिलं नाहीत, पण लालबागची आणि या वयाची बाई संकष्टी करत असणार असं मी धरून चालते. साखरेच्या काही गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या असतात. संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत पोट रिकामं आणि गोळी मात्र सकाळीच पोटात, तर साखर उतरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असं होऊ शकतं. 'जेवणाआधी' हे शब्द बरोबर आहेत, पण त्या दिवशी जेवणच नाही. उपासाच्या दिवशी काय करायचं हे डॉक्टरांना विचारून त्याच चिठ्ठीच्या मागे लिहा. उपास सोड म्हणून भांडू नका. त्या तुम्हाला न सांगता करतील आणि मग डॉक्टरांनाही कळणार नाही.

हे सगळं विचारायचं कोणाला? मेडिकलवाल्याला. तुम्ही लिहिता, 'त्यांना कुठे वेळ असतो'. संध्याकाळी नसतो. दुपारी दोन ते चारमध्ये जा, सगळी पाकिटं आणि डॉक्टरांचा कागद घेऊन, आणि आईंना बरोबर न्या. काउंटरवरच्या पोराला विचारू नका. "फार्मासिस्ट कोण आहेत?" असं विचारा. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत पेशंटला औषधाची नीट माहिती सांगणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. नियम तोंडावर फेकायची गरज पडत नाही. "दादा, आईला मराठीत लिहून देता का, कुठली सकाळी, कुठली रात्री?" एवढं म्हटलं तर बहुतेक जण पेन उचलतात. मराठी लिहिता येत नसेल तर ते सांगतील आणि आई लिहितील. हिंदी तर दोघांनाही येते. डॉक्टरांकडेही हेच. मूळ औषधाचं नाव सुवाच्य, शक्यतो ठळक कॅपिटल अक्षरांत लिहावं, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेत २०१६ पासून आहे. तुम्ही फक्त जोडीला मागा: "प्रत्येकीपुढे कशासाठी ते लिहाल का?"

(हा मजकूर एखाद्या मेडिकलवाल्याच्या हाती पडला तर: 'सकाळी, दुपारी, रात्री' आणि 'जेवणाआधी, जेवणानंतर' असा मराठी रबरी शिक्का करून घ्या. पुडीवर उमटवा, आकडे पेनाने भरा. खर्च किरकोळ आहे आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार नाही.)

मोबाईलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून पाहिलंत, असंही लिहिलंय. स्ट्रिपवरचं छापील नाव वाचायला ते ठीक आहे. पण डॉक्टरांचं अक्षर त्याला सापडत नाही, आणि किती नि कधी यासाठी त्याच्यावर अजिबात विसंबू नका. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात फार्मसीतल्या संगणकांनी केलेल्या स्पॅनिश चिठ्ठ्या तपासल्या होत्या, २०१० साली तो अभ्यास छापून आला. निम्म्या चिठ्ठ्यांत चुका होत्या. आता यंत्रं सुधारली असतील, पण आईंच्या गोळीवर मी तो प्रयोग करणार नाही.

तुमच्या डबीला माझा विरोध नाही. पाकिटं घेऊन जाण्याला आहे. डबीत सुट्या गोळ्या राहिल्या आणि मधल्या वारी आईंना कुणी केईएमला नेलं, तर 'कोणत्या गोळ्या चालू आहेत' याचं उत्तर मुलुंडच्या कपाटात असेल. काही गोळ्या स्ट्रिपमधून काढल्या की दमट हवेत खराब होतात, आणि जुलैमधली मुंबई तुम्हाला सांगायला नको. गुडघ्याची 'दुखलं तर' वाली गोळी डबीत बसतच नाही. डबी हवीच असेल तर एका आठवड्यापुरती, कुठल्या गोळ्या त्यात चालतात ते फार्मासिस्टला विचारून, आणि भरायची आईंनी. तुम्ही रविवारी समोर बसून चहा प्यायचा. 'समजलं ना?' असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. 'उद्या सकाळच्या काढून दाखव बघू' म्हणा. चुकलं तर चिठ्ठी बदला, आईंना नको.

रोजचे तीन फोन हळूहळू एकावर आणा, आणि त्यात गोळ्यांशिवाय दुसरंही काही बोला. खारघरचा विषय वेगळा आहे, त्याला गोळ्यांचं निमित्त करू नका. तिकडे मेडिकलवाला नवा, डॉक्टर नवे, पाकिटंही नवी, म्हणजे जी चूक झाली तिलाच पुन्हा आमंत्रण.

अशीच पत्रं आणखीही येतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. घरातल्या माणसाला अजिबात वाचता येत नसेल तर पाकिटावर नुसता सूर्य आणि चंद्र काढून भागत नाही. सूर्य सकाळचा की दुपारचा? चित्र काढायचं तर त्यांनाच काढू द्या आणि अर्थ त्यांच्याकडून ऐका. पातळ औषध घरातल्या चमच्याने मोजू नका, बाटलीबरोबरच्या मापाच्या टोपणावर रेघेपाशी पेनाने खूण करा. तापाच्या दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घरात असतील तर मूळ नाव बघा, दोन्हीत पॅरासिटामॉल निघण्याची शक्यता बरीच असते. नावापुढे 'एसआर' किंवा 'एक्सआर' असलेली गोळी विचारल्याशिवाय तोडायची किंवा कुटायची नाही. आणि संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर माझं ऐका, त्या पिशवीवर मोठ्या अक्षरात वार लिहा, 'फक्त रविवारी'. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत.

ताई, जुन्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या फेकू नका. औषध आणि आकडा तोच असेल आणि तारीख शिल्लक असेल तर नवं पाकीट संपल्यावर त्याच घेता येतील. तोवर रबरबँड लावून, 'आत्ता नाही' लिहून वेगळ्या ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना सगळ्या पिशव्या घेऊन जा, आणि दोन गोष्टी विचारून चिठ्ठ्यांच्या मागे लिहून घ्या: एखादी गोळी चुकली तर काय करायचं (मनानेच दुसऱ्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत), आणि उपासाला काय करायचं. कॅलेंडरात पुढची संकष्टी कधी आहे ते बघा आणि त्याच्या आधीचीच वेळ घ्या.